सुटण्याआधीच पोचलेलं कबुतर

१

तार सोमवारी सकाळी, पहिल्या गाडीच्या आधी आली. एखादा आकडा चुकला असेल म्हणून मी ती पुन्हा मागवली. दुसऱ्यांदाही तीच आली.

'शनिवारी सकाळी आठ वाजता ड्रमफारन स्टेशनवरून सोडलेल्या अठरा कबुतरांपैकी एक त्याच दिवशी पहाटे पाच चाळीसला ब्लॅकरिगला पोचले. खुलासा पाठवा.'

ब्लॅकरिग हे फाइफ परगण्यातलं कोळशाच्या खाणीचं गाव. आमच्या डोंगरातल्या स्टेशनपासून एकशेवीस मैल. तिथले खाणकामगार कबुतरांच्या शर्यती लावतात. उन्हाळ्यात अधूनमधून शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने त्यांची वेताची करंडी यायची. झाकणाच्या दोरीला शिशाचं सील असायचं. रात्रभर करंडी पार्सलच्या खोलीत कुलपात राहायची. शनिवारी सकाळी आमचा पोर्टर मर्डो गन ती फलाटाच्या टोकाला नेई, सील कापी, झाकण उघडी आणि पाखरं आभाळात जात. मग करंडीच्या चिठ्ठीवर किती पाखरं, किती वाजता, हे लिहून तो सही करी आणि रिकामी करंडी पुढच्या गाडीने परत जाई. त्या चिठ्ठीवरची वेळ ही शर्यतीची सुरुवात. खाणवाल्यांच्या लेखी मर्डोची सही म्हणजे बायबलची ओळ. आजवर तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मी मर्डोला बोलावलं. तो फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालत होता.

"ही तार वाच."

त्याने वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "मास्तर, मी आठलाच सोडली. तुम्ही खिडकीत होतात."

ते खरं होतं. थवा चढताना मी स्वतः पाहिला होता.

"अठराच्या अठरा?"

"चिठ्ठीवर लिहिलंय तसं," तो म्हणाला आणि पुन्हा कुंड्यांकडे गेला.

मर्डो तीन आठवड्यांनी निवृत्त होणार होता. बायको गेल्यापासून त्याचं सगळं जग म्हणजे ते स्टेशन आणि त्यामागचं रेल्वेचं दोन खोल्यांचं घर. चांगल्या शेऱ्यानिशी निवृत्त झाला तर घर त्याच्याकडे राहणार होतं. नाहीतर नाही.

दुपारी दुसरी तार आली. दावे तपासनीस श्री. पिरी बुधवारी येत आहेत. तोवर स्टेशनवरच्या कुणालाही रजा देऊ नये.

त्या 'कुणालाही'मध्ये मीही होतो. पार्सलच्या खोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक मर्डोकडे आणि दुसरी माझ्याकडे.

२

पिरीसाहेब उतरले ते एका हातात रिकामी करंडी आणि दुसऱ्या हातात टोपलीवजा डबा घेऊन. माणूस किडकिडीत, कोटाच्या बाह्या झिजलेल्या, नाक सतत लाल. सडलेले मासे, फुटलेल्या बश्या, हरवलेल्या ट्रंका यांचे दावे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"पाखरांनी मला शिंका येतात," ते पहिल्याच वाक्याला म्हणाले. "त्यामुळे हे लवकर संपवू या."

माझ्या ऑफिसात त्यांनी डबा टेबलावर ठेवला. आत निळसर करड्या रंगाची एक कबुतराची मादी होती, डाव्या पंखात एक पांढरं पीस.

"हीच ती. तिथल्या कबुतर क्लबाच्या समितीने जप्त केली होती, मी पुरावा म्हणून मागून आणली. मालक रॉबर्ट रँकिन. वय एकसष्ट, विधुर, बेचाळीस वर्षं खाणीत. गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर हिच्या पायात शर्यतीचं रबरी कडं चढवलं, नंबर लिहून घेतला आणि हिला करंडीत टाकलं. म्हणजे ही करंडीत होती यात शंका नाही. शनिवारी पहाटे शेजारी रात्रपाळी करून घरी येत होता. त्याला ही रँकिनच्या खुराड्यावर उतरताना दिसली. त्याने घड्याळ बघितलं आणि गाव गोळा केलं."

"मग त्यांचं म्हणणं काय?"

"की रँकिनने तुमच्या पोर्टरला फितवलं. 'माझी आधी सोड' असं सांगितलं. पोर्टरने वेळेचा घोळ घातला म्हणून पकडले गेले, नाहीतर खपून गेलं असतं. या शनिवारी समितीची बैठक आहे. त्याला कायमचं काढतील. आणि तिथे क्लबातून काढलेला माणूस म्हणजे रस्त्यावर कुणी मान हलवायचं नाही."

"रँकिन काय म्हणतो?"

"कालच भेटलो. 'पाखरू माझं आहे. बाकी मला बोलायचं नाही.' तीनदा विचारलं, तीनदा तेच. निघताना मात्र त्याने मला एक प्रश्न विचारला." पिरीसाहेबांनी नाक पुसलं. "म्हणाला, 'त्या म्हाताऱ्या पोर्टरला याचा त्रास होईल का?'"

"भला माणूस दिसतो."

"असेल. पण मास्तर, पोर्टर म्हातारा आहे हे त्याला कुणी सांगितलं? तो इथे कधी आलेला नाही. चिठ्ठीवरून वय कळत नाही."

म्हणजे मर्डोची आणि त्याची खरंच ओळख होती की काय?

पिरीसाहेबांनी खिशातून एक छोटं पाकीट काढून टेबलावर उपडं केलं. शिशाचा एक चपटा तुकडा बाहेर पडला, त्यात कापलेली दोरी अडकलेली. रिकाम्या करंडीबरोबर परत गेलेलं सील. प्रत्येक स्टेशनच्या सील दाबायच्या पक्कडीचा आकडा वेगळा असतो, तो शिशावर उमटतो.

"ब्लॅकरिगचा आकडा एकशेअकरा. यावर काय आहे, तुम्हीच वाचा."

मी तुकडा खिडकीपाशी नेला. सदुसष्ट. आमचा आकडा.

करंडी आमच्याच स्टेशनवर उघडली गेली होती आणि आमच्याच पक्कडीने पुन्हा बंद केली होती.

३

"आता वेळ बघू," पिरीसाहेब म्हणाले. "पाखरू तासाला चाळीस मैल धरा. एकशेवीस मैलांना तीन तास. पाच चाळीसला पोचायचं तर अडीचच्या सुमाराला सुटायला हवं. तेव्हा अंधार होता, आणि कबुतर अंधारात उडत नाही. उजाडल्यावर सुटलं असतं तर पोचायला आठ वाजले असते. म्हणजे ते शुक्रवारीच सुटलं, वाटेत कुठेतरी बसलं आणि उजाडल्यावर उरलेलं अंतर कापलं. शुक्रवारी संध्याकाळी तुमची गाडी पाच चाळीसला आली. त्यानंतर?"

"मी स्वतः करंडी आत ठेवली. सहाला जेवायला घरी गेलो, सहा चाळीसला परत आलो. सहा पन्नासच्या गाडीनंतर मर्डोने आणि मी मिळून कुलूप लावलं."

"सहा ते सहा चाळीस स्टेशनवर कोण होतं?"

"मर्डो. आणि..." मी थांबलो. जे पाहिलं ते सांगणं भाग होतं. "परत येताना टलक दिसला. जहागीरदारांचा शिकारखात्याचा रखवालदार. पार्सलच्या खोलीमागून घाईने चालला होता. पाठीवर पोतं होतं."

टलकला बोलावणं गेलं. तो आला तो गुरगुरतच. सहा फुटांचा गडी, मिशा लाल, जिल्ह्यातल्या प्रत्येक चोरट्या मासेमाराला त्याचा धाक.

"कबुतरं? माझा काय संबंध? दिसली तर गोळी घालतो. शेतातलं सगळं खातात."

"शुक्रवारी पोत्यात काय होतं?" पिरीसाहेबांनी विचारलं.

"बटाटे."

"मास्तर म्हणतात, पोत्यातून पाणी गळत होतं."

मी तसं म्हटलं नव्हतं, पण गप्प राहिलो.

"धुतलेले बटाटे," टलक म्हणाला.

पिरीसाहेबांनी डब्याचं झाकण किंचित उघडलं. टलकने सवयीने हात घालून पाखराला पंखांनी धरून वर उचललं. ते फडफडलं, ओरडलं, त्याच्या मनगटाला चोच मारली. त्याने ते पटकन सोडून दिलं.

"पाखरं हाताळायची सवय तुम्हाला नाही," पिरीसाहेब झाकण लावत म्हणाले. "निदान जिवंत नाही. मिस्टर टलक, इथल्या पार्सलच्या खोलीतल्या फळीवर मला माशाचं खवलं सापडलं. नखाएवढं आणि चांदीसारखं. तीस वर्षं माशांच्या पेट्या उघडतोय मी. नदीतल्या सामन माशाचं खवलं मी झोपेत ओळखीन. नदी जहागीरदारांची, राखणदार तुम्ही, आणि बटाटे बहुतेक ग्लासगोच्या हॉटेलात पोचले."

टलकचा चेहरा मिशांच्या रंगाचा झाला. तो हातातली टोपी फिरवू लागला.

"हे मी लिहिणार नाही," पिरीसाहेब म्हणाले. "माझ्याकडे कुणी सामन हरवल्याचा दावा केलेला नाही. फक्त त्या खोलीपाशी काय दिसलं ते सांगा."

"दिसलं काहीच नाही. साडेसहाच्या सुमाराला पोतं ठेवायला गेलो तर दाराला आतून कडी. एरवी त्या वेळेला उघडं असतं. मी दार ठोठावलं. आत काहीतरी फडफडलं, कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं आणि..." तो माझ्याकडे बघून ओशाळला. "तुम्ही हसाल."

"हसणार नाही."

"आत तान्हं पोर रडायला लागलं, साहेब. मी घाबरून मागे फिरलो."

४

टलक गेल्यावर पिरीसाहेबांनी पार्सलचं रजिस्टर मागितलं. शुक्रवारच्या पानावर एकच सही होती. 'मिसेस मॅकनील. एक बाबागाडी, ग्लासगोहून. मिळाली.' सहीखाली मर्डोच्या अक्षरात वेळ: सहा पाच.

"ही कोण?"

"नॅन. अँगस मॅकनीलची बायको. तो रूळ दुरुस्तीच्या टोळीत आहे, मूळचा बारा नावाच्या बेटावरचा. दोन मैलांवर रुळाकाठच्या घरात राहतात. एप्रिलमध्ये मुलगी झाली."

"तीही बेटावरची?"

"नाही. खालच्या मुलखातली आहे, एवढंच ठाऊक आहे. माहेरचं ती काही बोलत नाही."

पिरीसाहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "मास्तर, मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. लबाडी करणारा माणूस पाखरू सुटण्याआधी कशाला पोचवील? दहा मिनिटं आधी सोडलं असतं तरी तो जिंकला असता. आदल्या संध्याकाळी सोडणारा माणूस शर्यतीचा विचारच करत नव्हता. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं. उद्या सकाळी या बाईंना बोलवा. मर्डोलाही."

त्या दिवशी मर्डोने पिरीसाहेबांच्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरं दिली होती. आठला सोडली. हो. सील कापलं. हो. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो खाटेवर बसून बायकोच्या फोटोची काच पुसत होता. सामान बांधायला सुरुवात केली होती.

"मर्डो, काय असेल ते मला सांग. मी तुझ्या बाजूने बोलेन."

"तुम्ही बोलाल, मास्तर, आणि मग तुम्हालाही घेऊन बुडेन मी." त्याने फोटो एका स्वेटरमध्ये गुंडाळला. "एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलो, तेव्हापासून खोटं लिहायची वेळ आली नव्हती. आली तेव्हा इतकी सोपी वाटली की मलाच भीती वाटली."

मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं.

५

गुरुवारी सकाळी नॅन बाबागाडी ढकलत आली. तिला काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाबागाडीची काहीतरी चौकशी असेल असं तिला वाटलं होतं. प्रतीक्षालयात शेगडीपाशी तिला बसवलं, चहा आणि ओटच्या पोळ्या पुढे ठेवल्या. मर्डो दाराशी उभा राहिला, पाठ भिंतीला लावून.

पिरीसाहेबांनी डबा बाकावर ठेवला आणि झाकण पूर्ण उघडलं.

नॅनच्या हातातली बशी कलंडली. तिने ती खाली ठेवली, पुढे झाली आणि हात आत घातला. कुठलीही घाई नाही. पाखराचे पाय दोन बोटांच्या मध्ये, अंगठा पंखांवरून पाठीवर, छाती तळव्यात. पाखराने मान आत घेतली आणि डोळे मिटले. असा हात एका दिवसात येत नाही.

"लेडी," ती म्हणाली. "म्हणजे तू पोचली नाहीस."

"पोचली," पिरीसाहेब म्हणाले. "शनिवारी पहाटे. मीच तिला परत आणलंय." त्यांना शिंक आली. ती आवरून ते तिच्यासमोर बसले. "मिसेस मॅकनील, तुमचं माहेरचं नाव रँकिन ना?"

तिने मर्डोकडे पाहिलं. मर्डो म्हणाला, "तिचा यात काही दोष नाही, साहेब. सील मी कापलं."

"ते ठाऊक आहे. मी सांगतो, चुकलो तर थांबवा." पिरीसाहेब चहाचा कप हातात घेऊन बोलू लागले. "शेजाऱ्याने जबानीत एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे समितीत कुणी लक्ष दिलं नाही. पाखरू उतरल्यावर रँकिनने त्याच्या पायातलं कडं काढलं. शर्यतीत कडं काढून लगेच वेळ नोंदणाऱ्या घड्याळाच्या पेटीत टाकायचं असतं. घड्याळ समोर होतं. पण त्याने कडं खिशात घातलं, उपड्या बादलीवर बसला आणि अर्धा तास हलला नाही. मी विचार केला, ज्याला शर्यतीत भागच घ्यायचा नाही तो कडं काढील कशाला? तर त्या कड्याखाली दुसरं काहीतरी होतं म्हणून. कागद."

नॅनचा हात पाखराच्या पाठीवर थांबला.

"त्या कागदावर म्हाताऱ्या पोर्टरचा उल्लेख होता, म्हणूनच रँकिनला त्याचं वय माहीत होतं. हा कागद इथे बांधला गेला, कारण सील इथे बदललं. अठरा पाखरांतून नेमकं हेच पाखरू वेताच्या फटीतून ओळखणारं माणूस रँकिनच्या घरातलंच असणार. टपालाने पत्र का पाठवलं नाही, एवढंच मला कळत नाही."

"पाठवली," नॅन म्हणाली. "दोन वर्षांत अकरा. सगळी परत आली. 'या नावाचे कोणी येथे राहत नाही.' अक्षर बाबांचंच." तिने पाखराच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "अँगस कॅथलिक आहे, आम्ही प्रोटेस्टंट. मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले, आता मला मुलगी नाही. एल्सपेथ झाली तेव्हाही लिहिलं. तेही परत आलं. शुक्रवारी बाबागाडी घ्यायला आले तर करंडीत लेडी दिसली. माझ्या हातचे दाणे खाऊन वाढलीय ती. मला वाटलं, बाबा माझं पत्र उघडणार नाहीत, पण हिच्या पायातलं कडं काढल्याशिवाय राहणार नाहीत."

"मी नाही म्हणायला हवं होतं," मर्डो म्हणाला. "पण तोंडातून शब्द निघेना. माझ्या सिगरेटचा पातळ कागद दिला तिला. तिने दोन ओळी लिहिल्या, कड्याखाली सारल्या. पाखरू परत आत ठेवायचं, सील लावायचं, सकाळी सगळ्यांबरोबर सोडायचं. कुणाचं नुकसान नाही, कुणाला पत्ता नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली. पोर दचकून रडायला लागलं, नॅनचा हात सुटला आणि हवेसाठी उघडी ठेवलेल्या खिडकीतून पाखरू गेलं. मी रिकामी जागा तशीच ठेवून सील लावलं. सकाळी सतरा सोडली आणि अठरा लिहिलं."

"आणि शेरा लिहिला नाहीत," पिरीसाहेब म्हणाले. "तुमच्या जुन्या चिठ्ठ्या तिथल्या समितीने जपून ठेवल्यात. मी चाळल्या. 'दोन फेऱ्या मारून दक्षिणेला गेली, वारा पश्चिमेचा.' 'तांबडं पाखरू मागे राहिलं, मग लागलं मार्गाला.' प्रत्येक चिठ्ठीवर काहीतरी आहे. या एकीवर फक्त आकडा आणि वेळ. एकापेक्षा जास्त खोटं तुमच्याने लिहवलं नाही."

मर्डोने मान खाली घातली.

"बाबांनी वाचलं?" नॅनने विचारलं. तिला बाकीचं काही ऐकूच आलं नसावं. "सहा दिवस झाले. मला वाटलं, हिला ससाण्याने नेलं. किंवा त्यांनी वाचून शेगडीत टाकलं."

"समितीने कडं मागितलं, ते त्यांनी दिलं. कागद दिला नाही. तुम्ही त्यात काय लिहिलं होतंत?"

"तुम्हाला नात झाली, आईचं नाव ठेवलंय. इथल्या म्हाताऱ्या पोर्टरकाकांनी माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीय, कुणाला कळू देऊ नका."

"मग त्यांनी कळू दिलं नाही," पिरीसाहेब म्हणाले. "गावाने लबाड म्हटलं, बेचाळीस वर्षांचे सोबती पाठ फिरवून बसले, तरी एका अनोळखी पोर्टरची नोकरी जाऊ नये म्हणून गप्प राहिले. एका वाक्यात सुटले असते. तुम्ही सांगितलंत ते त्यांनी पाळलं, मिसेस मॅकनील. मला वाटतं, हेच तुमच्या पत्राचं उत्तर."

नॅनने पाखरू अलगद डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मर्डो तिच्याकडे जायला निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि जाऊन बाबागाडी हलवू लागला. पोर तर झोपलेलंच होतं.

६

मी पिरीसाहेबांना बाहेर गाठलं. ते फलाटावर खोल श्वास घेत उभे होते.

"आता मर्डोचं काय?"

"सील तोडणं, खोटी नोंद. दोन्ही गंभीर." त्यांनी खिशातून छापील अर्ज काढला. "पण माझं काम हरवलेला माल शोधणं. इथे हरवलं काय? पाखरू मालकाच्या घरी पोचलं. जरा लवकर पोचलं. लवकर पोचल्याचा दावा तीस वर्षांत माझ्याकडे कुणी केला नाही. त्याला म्हणावं, स्वतःच्या हाताने लिहून दे. सील मी कापलं, एक कबुतर निसटलं, सतरा सोडली, घाबरून अठरा लिहिली. तसंच लिहायचं, काही लपवायचं नाही."

"आणि कारण?"

"कारणाचा रकाना छोटा आहे. 'एका ओळखीच्या बाईला पाखरू जवळून पाहायचं होतं' एवढं मावेल. त्याला लेखी समज मिळेल. ती त्याच्या फाइलीत लागेल. ती फाइल तीन आठवड्यांत बंद होते. घराला धक्का लागत नाही, मी नियम बघून आलोय."

"बघून आलात? म्हणजे येण्याआधीच..."

"रँकिनचा तो प्रश्न ऐकल्यावर," ते म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

मर्डोने अर्ज लिहायला पाऊण तास घेतला. लिहून झाल्यावर तो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "शुक्रवारपासून पहिल्यांदा भूक लागलीय, मास्तर." माझ्या बायकोने त्याला वाटीभर मटणाचं सूप आणि बटाटे वाढले. त्याने दुसऱ्यांदाही घेतलं. मग घरी जाऊन बांधलेलं सामान सोडलं.

पिरीसाहेबांनी दुपारच्या गाडीआधी ब्लॅकरिगच्या समितीला तार केली: पाखरू स्टेशनवरच्या चुकीने निसटले, रँकिन निर्दोष, लेखी अहवाल मागून. संध्याकाळी तिकडून तीन शब्दांचं उत्तर आलं, 'मान्य. माफी मागितली.' मी मर्डोला दाखवलं, आणि मर्डो तेवढ्यासाठी सायकलने दोन मैल जाऊन नॅनला सांगून आला.

शुक्रवारी रँकिनची तार आली. नॅनच्या नावाने होती, पण स्टेशनवर उतरवून घेणारा मी, त्यामुळे वाचणं भागच होतं. 'शनिवारी येतो.' बस, इतकंच.

शनिवारी दुपारच्या गाडीला मी टोपी ब्रश करून घातली. नॅन बाबागाडी घेऊन घड्याळाखाली उभी होती. अँगस तिच्यापासून चार पावलं मागे, लग्नातला कोट घालून. तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता, "मी येऊ की नको, मास्तर? मला बघून ते त्याच गाडीने परत गेले तर?" मी म्हटलं होतं, "ये. परतीची गाडी सहा पन्नासला आहे. तोवर त्यांना इथेच बसावं लागेल."

रँकिन शेवटच्या डब्यातून उतरला. ठेंगणा, रुंद, काळा सूट, गालावर कोळशाच्या जुन्या निळ्या खुणा. तो नॅनसमोर येऊन उभा राहिला. मग त्याने बाबागाडीत वाकून पाहिलं, पाहतच राहिला, आणि एक जाडजूड बोट पुढे केलं. पोरीने ते धरलं.

"माझ्या एल्सपेथची हनुवटी आहे," तो म्हणाला.

नॅनने त्याच्या बाहीला हात लावला. तो तसाच वाकलेला राहिला. बोट सोडवून घ्यायची त्याला घाई नव्हती. गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी मी शिट्टी वाजवली नाही. गार्डही दुसरीकडे बघत होता.

शेवटी रँकिन सरळ झाला आणि त्याची नजर अँगसवर गेली. अँगसने टोपी काढली. फलाटावर कुणी हललं नाही. मर्डोच्या हातातली सामानाची ढकलगाडीसुद्धा थांबली.

"तू रुळावर काम करतोस?" रँकिनने विचारलं.

"हो."

"इथून तीनेक मैलांवर एक वळण आहे. तिथे गाडी हादरते. रुळाखालचा स्लीपर खचलाय एखादा."

"उद्या बघतो."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी."

रँकिनने हातातली पिशवी खाली ठेवली. "ठीक आहे," तो म्हणाला. "सोमवारी मी बरोबर येतो. दाखवतो तुला कुठे ते."

त्याचा अर्थ नॅनला सगळ्यात आधी कळला. तिने पिशवी उचलली आणि बाबागाडीत, पोरीच्या पायाशी ठेवली.

मी शिट्टी वाजवली. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'प्रवासी उतरण्यास वेळ लागला.'